आधी फोटो, मग कॅमेरा

दसरा-दिवाळी जवळ आली की महाविद्यालयात एक प्रश्न मला हमखास विचारला जातो. ‘सर, पहिला डीएसएलआर कोणता घेऊ?’ मी शिकवतो इतिहास. पण महाविद्यालयाच्या भित्तिपत्रकाचे आणि स्नेहसंमेलनाचे फोटो गेली कित्येक वर्षं माझ्या देखरेखीखाली निघतात, त्यामुळे हा विषय आपोआप माझ्याकडे येतो. विचारणारा मुलगा दोन मॉडेलांची नावं घेऊनच आलेला असतो. मी एकावर बोट ठेवावं एवढीच त्याची अपेक्षा असते. मी उलट विचारतो, ‘बाबा रे, फोटो कशाचे काढायचेत?’ त्यावर ठरलेलं उत्तर येतं, ‘सगळ्याचेच, सर!’ इथेच गाडी अडते. सगळ्याचे फोटो सारखेच चांगले काढणारा कॅमेरा अजून कुणी बनवलेला नाही, आणि बनवला तरी तो पहिल्या खरेदीच्या पैशांत बसायचा नाही.

यंदा हाच प्रश्न घरातून आला, इंदूरहून. आपल्या धुळे जिल्ह्याला इंदूर काही परकं नाही. शिरपूर सोडलं, सेंधवा, जुलवानिया मागे टाकलं, खलघाटला नर्मदामाईला हात जोडले की इंदूर आलंच म्हणायचं. लग्नाचा बस्ता, मोठा दवाखाना, मुलांचं शिक्षण यांसाठी आपल्याकडची किती माणसं तिकडे जातात! होळकरांच्या राज्यात गेलेली मराठी घराणी तिथे पिढ्यान्‌पिढ्या नांदताहेत. बाहेर हिंदी आणि उंबरठ्याच्या आत मराठी, असा त्यांचा संसार. माझी थोरली बहीण अशाच एका घरात दिलेली आहे. राजवाड्याच्या मागच्या अंगाला गल्लीत जुनं, लाकडी माडीचं घर. तिची मुलगी, म्हणजे माझी भाची, बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे. शाळेतल्या मुलांच्या शिकवण्या घेऊन तिनं अडतीस हजार रुपये जमवले होते.

‘मामा, मला कॅमेरा घ्यायचाय. तुम्ही या, नाहीतर बाबा घेऊ देणार नाहीत,’ असा फोन आला. मी तिलाही तोच प्रश्न विचारला. ती ‘सगळ्याचे’ म्हणाली नाही. ती म्हणाली, ‘आजीचे.’

तिची आजी, म्हणजे ताईच्या सासूबाई, चौऱ्याऐंशी वर्षांच्या. आजोबा जाऊन सहा वर्षं झाली. भिंतीवर हार घातलेला त्यांचा जो फोटो आहे तो मतदार ओळखपत्रावरून मोठा केलेला. धूसर, डोळे ताठरलेले. घरात दुसरा एकट्याचा फोटोच नव्हता. ‘आजोबा असे दिसतच नव्हते, मामा. आजीचं असं व्हायला नको,’ एवढंच ती बोलली. त्यात आणखी एक घाई होती. घराची भावाभावांत वाटणी ठरली होती आणि दिवाळीनंतर घर पाडून तिथे नवी इमारत उभी राहायची होती.

दाजींचं म्हणणंही चुकीचं नव्हतं. ‘तीस-चाळीस हजार घालून आईचे फोटो? फोन आहे ना हातात!’ वाचकहो, हा प्रश्न तुमच्याही घरात निघेल, म्हणून त्याचं सरळ उत्तर देतो. ज्याचं काम फोनवर भागतं त्यानं कॅमेरा घेऊ नये. भर उन्हातली सहल, वाढदिवसाचा केक, दारातली रांगोळी यांना आजचा फोन पुरून उरतो. फोन तोकडा पडतो तो कमी उजेडात, दूरच्या वस्तूवर आणि हलणाऱ्या माणसावर. आजी दिवसाचा बहुतेक वेळ माजघरात बसायच्या. तिथे एकच खिडकी, तीही गल्लीकडे. फोनवरच्या फोटोत चेहरा मेणासारखा गुळगुळीत व्हायचा, सुरकुत्या पुसल्या जायच्या. फ्लॅश मारला की मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेले डोळे त्या घट्ट मिटून घ्यायच्या.

आता डीएसएलआर म्हणजे नेमकं काय, तेही पाहू. डिजिटल सिंगल लेन्स रिफ्लेक्स हे त्याचं पूर्ण नाव. लेन्सच्या मागे एक छोटा आरसा तिरपा बसवलेला असतो. लेन्समधून आलेलं दृश्य तो वर फेकतो आणि ते आपल्याला डोळा लावायच्या खिडकीत दिसतं. बटण दाबलं की आरसा वर उचलला जातो, शटर उघडतं आणि उजेड सेन्सरवर पडतो. तो ‘खटक्’ आवाज मुख्यतः त्या आरशाचा. सुरुवातीच्या श्रेणीतल्या निकॉन कॅमेऱ्यांचा सेन्सर साधारण २३.५ बाय १५.६ मिलिमीटरचा असतो, कॅननचा त्याहून किंचित लहान. नेहमीच्या फोनमधल्या सेन्सरपेक्षा तो कितीतरी पट मोठा. मोठ्या भांड्यात पावसाचं पाणी जास्त साठतं, तसा मोठ्या सेन्सरवर उजेड जास्त साठतो.

पण त्याहून महत्त्वाची आहे लेन्स, आणि पहिल्या खरेदीत सगळ्यात कमी विचार तिचाच होतो. कॅमेऱ्याबरोबर जी लेन्स मिळते ती बहुधा १८-५५ मिलिमीटरची. १८ वर खोली मावते, ५५ वर चेहरा जवळ येतो. लेन्स बरी असते, पण तिचं तोंड फारसं उघडत नाही. ३५ मिलिमीटरवर ती साधारण एफ ४.५ पर्यंत उघडते. याच ३५ मिलिमीटरची, झूम न होणारी एक साधी लेन्स मिळते, ती एफ १.८ पर्यंत उघडते. हा आकडा जितका लहान तितकं तोंड मोठं. हिशेब केला तर या दुसऱ्या लेन्समधून सव्वासहा पट उजेड आत येतो. म्हणजे पहिल्या लेन्सनं जिथे सेकंदाचा दहावा भाग शटर उघडं ठेवावं लागेल, तिथे दुसरीनं साठाव्या भागात काम होतं. चौऱ्याऐंशी वर्षांच्या बाईचा हात किंचित थरथरतो. दहाव्या भागात तो हात पुसट होतो, साठाव्या भागात बोटातलं वळं स्वच्छ दिसतं. आमचा निर्णय खरं तर इथेच झाला. कॅमेरा कोणता हे ठरायच्या आधी लेन्स ठरली.

मग आम्ही बाजारात गेलो. एका दुकानात मालकांनी मोठ्या उत्साहानं दोन लेन्सचा संच पुढे केला. ‘मॅडम, डबल लेंस ले लो, बैग और कार्ड फ्री है.’ दुसरी लेन्स लांबची, पक्ष्यांसाठी आणि मैदानी खेळांसाठी. माजघरात तिचा उपयोग शून्य. बॅग फुकट मिळते म्हणून नको ती लेन्स घेणं म्हणजे डबा फुकट मिळतो म्हणून न लागणारं तेल घेण्यासारखं. मेगापिक्सेलचंही तेच. भिंतीवर लावायच्या ८ बाय १२ इंची फोटोला सात-आठ मेगापिक्सेल व्यवस्थित पुरतात. गेल्या दहा वर्षांतल्या बहुतेक डीएसएलआरमध्ये चोवीसच्या आसपास असतात. त्यामुळे या आकड्यावर भांडत बसू नये.

आजच्या काळात आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे. डीएसएलआरचा बहराचा काळ ओसरला आहे. कॅननचा ३०० डी २००३ साली आला, निकॉनचा डी ७० २००४ साली आला, आणि हौशी माणसाच्या आवाक्यात हा कॅमेरा आला. पुढची पंधरा वर्षं त्याचीच होती. २०१८ साली या दोन्ही कंपन्यांनी आरसा नसलेल्या, म्हणजे मिररलेस कॅमेऱ्यांची आपली नवी मोठी मालिका सुरू केली आणि २०२० नंतर दोघींनीही नवं डीएसएलआर मॉडेल आणलेलं नाही. मग डीएसएलआर घ्यावा की नाही? ज्याला पुढे व्यवसाय करायचा आहे, दर दोन-चार वर्षांनी सामान वाढवायचं आहे, त्यानं पैसे असतील तर मिररलेस घ्यावा. ज्याला कमी पैशांत शिकायचं आहे त्याच्यासाठी मात्र हा चांगला काळ आहे. मंडळी नव्याकडे वळल्यामुळे जुने पण सुस्थितीतले डीएसएलआर आणि त्यांच्या लेन्स बाजारात भरपूर आल्या आहेत. बॅटरीही मिररलेसपेक्षा जास्त टिकते. एकदा चार्ज केली की हजाराच्या आसपास फोटो निघतात.

आम्ही वापरलेलाच घ्यायचं ठरवलं. वापरलेला कॅमेरा घेताना गाय पाहतात तसं सगळ्या बाजूंनी पाहावं. सगळ्यात आधी शटर किती वेळा पडलं आहे ते विचारावं. या श्रेणीतलं शटर साधारण एक लाख वेळा पडावं असं धरतात. निकॉनच्या फोटोत हा आकडा दडलेला असतो आणि संगणकावर काढता येतो. लग्नाच्या फोटोग्राफरचा कॅमेरा असेल तर जपून, एकेका लग्नात दोन-तीन हजार फोटो सहज निघतात. दुसरं, लेन्स काढून तिच्यातून बॅटरीचा झोत आरपार टाकावा. आत कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे दिसले तर ती बुरशी. अशी लेन्स कितीही स्वस्त मिळाली तरी हात लावू नये. तिसरं, एफ १६ वर मोकळ्या आकाशाचा फोटो काढून मोठा करून पाहावा. काळे ठिपके दिसले तर सेन्सरवर धूळ आहे. ती साफ होते, पण ओरखडा जात नाही. चौथं, बिल मागावं आणि त्यावरचा क्रमांक कॅमेऱ्याच्या बुडाशी असलेल्या क्रमांकाशी ताडून पाहावा. चोरीचा माल स्वस्त मिळतो, पण पचत नाही. पाचवं, लेन्स त्या कॅमेऱ्यावर आपोआप फोकस करते का ते तिथेच लावून पाहावं. निकॉनच्या डी ३००० आणि डी ५००० मालिकांतल्या कॅमेऱ्यांत फोकसची मोटर नसते. जुन्या पद्धतीची मोटर नसलेली लेन्स त्यावर बसते खरी, पण फोकस हातानं करावा लागतो. लेन्सवर ‘एएफ-एस’ किंवा, या मालिकांतल्या नव्या मॉडेलांसाठी, ‘एएफ-पी’ लिहिलेलं असावं.

भाचीनं दोन कॅमेरे हातात घेऊन पाहिले. हा हात-परीक्षेचा भाग कुणी टाळू नये. एकाची मूठ तिच्या लहान हाताला नीट बसली, बटणं अंगठ्याखाली आली. तो निकॉनचा डी ५६०० निघाला, २०१६ सालचं मॉडेल, शटर अठरा हजारांवर पडलेलं. १८-५५ लेन्ससकट चोवीस हजारांना ठरला. एफ १.८ ची ३५ मिलिमीटर लेन्स, तीही वापरलेली, नऊ हजारांना. अडतीसातले पाच हजार हातात राहिले. पहिल्या खरेदीत असे थोडे पैसे मागे ठेवावेतच. कार्ड, एक जादा बॅटरी, चार फोटोंची छपाई यांना ते लागतात.

तिला आजीचे फोटो काढायचे होते म्हणून हे ठरलं. विषय दुसरा असता तर उत्तरही दुसरं आलं असतं. इंदूरचंच पाहा. यशवंतसागरावर सारस पाहायला जाणाऱ्या किंवा सिरपूर तलावावर पहाटे बसणाऱ्या माणसाला तीनशे मिलिमीटरच्या पुढची लेन्स हवी. त्यानं सगळा पैसा लेन्सवर घालावा आणि कॅमेरा साधा घ्यावा. राजवाड्याचे सात मजले, खालचे दगडी आणि वरचे लाकडी, किंवा नदीकाठच्या कृष्णपुऱ्याच्या छत्र्या टिपायच्या असतील तर १८-५५ भागते, फक्त संध्याकाळसाठी एक भक्कम तिवई घ्यावी. रात्री सराफ्यात दागिन्यांची दुकानं मिटतात आणि त्यांच्याच पायऱ्यांपुढे भुट्ट्याचा कीस आणि जिलेबीच्या कढया लागतात. तिथे पुन्हा उघड्या तोंडाची छोटी लेन्स कामाला येते, वाफ आणि दिवे दोन्ही सांभाळते. अनंत चतुर्दशीला गिरणी कामगारांच्या परंपरेतल्या झाँक्या निघतात, तेव्हा अंधार, झगमगाट आणि हालचाल असा तिहेरी पेच असतो. आणि रंगपंचमीची गेर? पाण्याचे फवारे आणि गुलालाच्या ढगात स्वस्तातला डीएसएलआर उघडा नेऊ नये. त्याला पाण्यापासून संरक्षण नसतं. ओळखीच्या घराची गच्ची गाठावी, एकच लेन्स लावावी आणि खाली उतरेपर्यंत बदलू नये.

इतिहासाचा माणूस म्हणून एक आठवण दिल्याशिवाय राहवत नाही. हिंदुस्थानातला एकोणिसाव्या शतकातला सर्वांत नावाजलेला देशी छायाचित्रकार इंदुरातच घडला. लाला दीनदयाळ. जन्म १८४४, मेरठजवळच्या सरधन्याचा. रुडकीला अभियांत्रिकी शिकून १८६६ साली ते इंदूरच्या बांधकाम खात्यात नोकरीला लागले. नकाशे काढायचे, खर्चाचे अंदाज करायचे, असं काम. कॅमेरा हाती आला तो १८७४च्या सुमारास, वयाच्या तिशीत. दुसऱ्या तुकोजीराव होळकरांनी आणि सर हेन्री डॅली यांनी त्यांना उत्तेजन दिलं. त्या वेळी काचेवर रसायन चढवायचं, ती ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची आणि वाळायच्या आत तंबूतल्या अंधारात धुवायची. एकेका फोटोला एवढा खटाटोप! १८८२-८३ साली सर लेपेल ग्रिफिन यांच्याबरोबर ते मध्य भारतातल्या जुन्या वास्तू टिपत हिंडले आणि १८८६ साली त्याचा ग्रंथ निघाला. पुढे ते हैदराबादच्या निजामाचे दरबारी छायाचित्रकार झाले. त्यांच्या अडीच हजारांहून अधिक काचा आज दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्रात जपलेल्या आहेत. इमारत कशी उभी राहते हे त्यांना कॅमेरा हातात घेण्याआधीच ठाऊक होतं. म्हणून त्यांची देवळं आणि किल्ले आजही बघत राहावेसे वाटतात. आपल्याला जे मनापासून ठाऊक आहे, तेच पहिल्या कॅमेऱ्यानं टिपायला घ्यावं, हा मी त्यातून घेतलेला धडा आहे.

भाचीनं तेच केलं. पहिला आठवडा तिनं आजीकडे कॅमेरा वळवलाच नाही. माजघरातल्या पितळी डब्यांचे, देव्हाऱ्यातल्या समईचे, खिडकीच्या गजांचे फोटो काढत राहिली. त्यातून तिला कळलं की दुपारी तीनच्या सुमारास समोरच्या पांढऱ्या भिंतीवरून उजेड परतून आत येतो आणि पाऊण तास टिकतो. आजींनाही ‘खटक्’ आवाजाची सवय झाली. ‘माझं काय मेलं काढतेस, गच्चीवरून राजवाडा काढ,’ असं त्या म्हणायच्या. एका दुपारी शेंगा सोलता सोलता त्या कुणाला तरी हाक मारायला वळल्या, आणि तो फोटो निघाला. फ्लॅश नाही, पोज नाही. एफ २, सेकंदाचा साठावा भाग. कपाळावरची प्रत्येक रेघ आहे, बोटातलं वळं आहे, मागे अंधारात लाकडी खांब पुसट दिसतो आहे. आता तो खांब राहिलेला नाही, घर उतरवलं गेलं. आजी नव्या भाड्याच्या घरात आहेत आणि आल्यागेल्याला तो फोटो दाखवून ‘हे माझं घर’ म्हणून सांगतात. आपला चेहरा त्या दाखवत नाहीत, मागचा खांब दाखवतात. दाजींनी तो ८ बाय १२ मध्ये छापून फ्रेम करून आणला. या कॅमेऱ्याच्या फोटोचं प्रमाण तीनास दोन असल्यामुळे या मापात काही कापलं जात नाही.

तेव्हा दिवाळीत कॅमेरा घेणार असाल तर दुकानात जाण्याआधी एका कागदावर तीन ओळी लिहा. पहिल्या वर्षात कुणाचे किंवा कशाचे फोटो काढणार, तिथे उजेड किती असतो, आणि ते तुमच्यापासून किती अंतरावर असतं. या तीन उत्तरांतून लेन्स ठरते, लेन्सवरून कॅमेरा ठरतो आणि उरलेल्या पैशांवरून नवा की वापरलेला हे ठरतं. घरी आणल्यावर तीन महिने दुसरी लेन्स घेऊ नका. पावसाळ्यात कॅमेरा बॅगेत कोंडून न ठेवता घट्ट झाकणाच्या डब्यात, ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्यांसकट ठेवा, नाहीतर आपल्याच लेन्सला बुरशी धरेल. महिन्याला निदान चार फोटो कागदावर छापून घ्या. फोन बदलतो, कार्ड बिघडतं, संगणक बंद पडतो. कागदावरचा फोटो आपल्यामागून येणाऱ्यांच्या हाती सहज लागतो. आणि घरातल्या भिंतीकडे एकदा नीट पाहा. ज्याचा फोटो अजून तिथे नाही आणि असायला हवा, त्याच्यापासून सुरुवात करा.